बनाना शब्दाने दाखवलेली चूक

प्रोग्रॅमिंगचा हा प्रश्न साधा दिसतो: इंग्रजी अक्षरांची ओळ, कधी त्यातलं एखादं अक्षर बदलायचं, आणि अमुक ते अमुक जागेपर्यंत वेगवेगळी अक्षरं किती ते सांगायचं. ओळ १ लाखाची, प्रश्नही १ लाख.

मी प्रत्येक जागेपर्यंतच्या अक्षरांचा २६ बिटांचा मास्क ठेवला, म्हणजे दर अक्षराला एक खूण: आलं असेल तर १, नसेल तर ०. मग शेवटच्या जागेच्या मास्कमधून सुरुवातीच्या आधीच्या जागेचा वजा केला. उत्तरं कधी बरोबर, कधी शून्य! आम्ही जळगावकर, म्हणून चाचणीला ‘बनाना’ची इंग्रजी सहा अक्षरं घेतली. ४ ते ६ मध्ये ए, एन, ए. उत्तर २ हवं. पण बी, ए, एन तिन्ही पहिल्या तिनातच येऊन गेलेली, म्हणून वजाबाकी शून्य. ऑर केलेलं (दोन्हींपैकी कुठेही १ असला की १) परत काढता येत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. तोवर गॅसवरचं भरताचं वांगं पार कोळसा.

बदल नसते तर २६ अक्षरांच्या वेगळ्या प्रीफिक्स बेरजा (त्या जागेपर्यंत ते अक्षर किती वेळा आलं) पुरल्या असत्या. इथे सेगमेंट ट्री लावलं, म्हणजे ओळीचे अर्धे-अर्धे तुकडे करत जाणारं झाड: पानावर (सगळ्यात खालच्या टोकाला) एका अक्षराचा एक बिट, वर दोन्ही मुलांचा (खालच्या दोन तुकड्यांचा) ऑर, शेवटी मास्कमधले १ मोजायचे. एका बदलाला साधारण १७ पायऱ्या. वेळेत बसलं. वांगं मात्र दुसरं आणावं लागलं.