आदिवासी दिनाचा परिपाठ: विषय पाणी

९ ऑगस्टला क्रांतिदिन असतो आणि जागतिक आदिवासी दिनही. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९४ साली जाहीर केला. नागपुरात तर तो मनापासून साजरा व्हायला हवा, कारण हे शहर वसवलं तेच देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, १७०२ मध्ये. परिपाठाला अर्धा तास पुरतो, पण तयारी आठवडाभर आधी सुरू करा.

पहिलं काम पाहुणा शोधण्याचं. पालकांत, शिक्षकांत, शाळेच्या कर्मचाऱ्यांत कोणी गोंड, परधान, कोरकू, माना असेल तर त्यांनाच विनंती करा. त्यांच्या गावात विहीर, नाला, तलाव कसा राखतात, पाण्याचे नियम कोण ठरवतं, एवढंच विचारायचं. प्रश्न आधीच कळवा. सुरुवात त्यांच्या बोलीत झाली तर फारच छान.

पिसं लावून, तोंडाला रंग फासून पोरांना ‘आदिवासी’ बनवू नका. समोर रांगेत बसलेल्या गोंड पोराला ते लागतं. त्याला पुढं बोलवायचं असेल तर आधी त्याला आणि घरच्यांना विचारा.

सहावी-सातवीच्या मुलांकडून मोठा नकाशा काढून घ्या. छिंदवाड्याकडून येणारी पेंच नदी, तिच्यावरची तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आणि शेवटी शाळेचा नळ. ही नदी ज्या मुलखातून येते तिथं आजही गोंडांची गावं आहेत, हे नकाशावर बोट ठेवून सांगू द्या.

त्या दिवशी प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की शाळेतल्या गळक्या नळाखाली मापाचं भांडं ठेवा. वेळ बघायला दोन मुलं उभी करा, बरोबर दहा मिनिटं. तोवर नकाशा, मग गोष्ट.

गोष्ट गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावची घ्या. इथं विष टाकून मासे धरण्याची रीत होती. गावच्या अभ्यासगटानं तिचा विचार केला, चर्चा झाली आणि गावानं ती बंद केली. या गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत लागतं. हीच गोष्ट मुलांकडून ग्रामसभा भरवून करून घ्या. एकानं ‘नाही’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याला समजवायचं. बघणारी मुलंही गुंततात.

वेळ असेल तर न्यूझीलंडच्या वांगानुई नदीबद्दल दोन वाक्यं जोडा. तिथल्या मूळनिवासी माओरींच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये तिथल्या संसदेनं तिला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा दिला.

मग पाहुणे बोलतील, दहा मिनिटं. प्रश्न मुलांना विचारू द्या.

शेवटी भांडं समोर आणा. दहा मिनिटांत १०० मिलिलिटर जमलं असेल तर दिवसाला १४.४ लिटर. गुणाकार मुलांनी फळ्यावर करायचा आणि नळ दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी, आकड्यासकट, मुख्याध्यापकांकडे द्यायचा.