पुण्यात मित्रांसोबत खादाडीचा वीकेंड कसा जमवायचा

खादाडीचा वीकेंड म्हटलं की सगळे आधी ठिकाणांची यादी काढतात, मिसळ, एसपीडीपी (शेव बटाटा दही पुरी), थाळी, मस्तानी (आइस्क्रीम घातलेला दाट मिल्कशेक), बिर्याणी, आणि मग शनिवारी दुपारीच दोघं सोफ्यावर आडवे. पुण्यात ठिकाणं कमी नाहीयेत हो, पोट कमी पडतं. म्हणून दोन दिवसांत मोठी जेवणं तीनच धरायची आणि बाकी सगळं चिल्लर खाणं. चार-सहा जण असाल तर असं करा.

१. कुठे जायचं ते नंतर, कोण काय खात नाही ते आधी

"कुठे जायचं रे" असं ग्रुपवर टाकलंत तर मेसेजचा पाऊस पडेल आणि ठरणार काहीच नाही. त्यापेक्षा विचारा की शनिवार कोण पाळतं, मध्ये चतुर्थी-एकादशी येतेय का, नॉनव्हेज कोणाला चालत नाही, खिशाला किती झेपेल. आपल्या ग्रुपमध्ये एक तरी शनिवार करणारा निघतोच आणि त्याला बिर्याणीच्या टेबलावर पापड मोडत बसवणं काही बरं दिसत नाही, तेव्हा सरळ शनिवार व्हेज, रविवार नॉनव्हेज. मग दोनच पर्यायांचा पोल टाका. रात्रीपर्यंत ज्याने मत दिलं नाही त्याने नंतर कुरकुर करायची नाही, हे आधीच लिहून टाका.

२. एक दिवस, एक भाग

शनिवारी दिवसा पेठा आणि डेक्कन, रविवारी सकाळचा डेक्कनचा चहा सोडला तर कॅम्प. पेठेत गाडी घेऊन जाऊच नका, पार्किंग शोधण्यात अर्धा मूड जातो. मेट्रोने डेक्कन जिमखान्याला उतरा आणि पुढे चाला, तेवढंच पचतं.

३. शनिवार सकाळ: मिसळ, पण बेताने

नारायण पेठेत बेडेकर किंवा कर्वे रोडला काटाकिर्र, दोन्ही एकाच सकाळी नको. बेडेकरांची मिसळ जरा आंबटगोड, सोबत पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो. काटाकिर्र म्हणजे कोल्हापुरी वळणाची, नाकातून पाणी काढणारी. नऊच्या आत पोचा, नाहीतर रांग आहेच. सगळा रस्सा एकदम ओतू नका, फरसाणाचा लगदा होतो, सॅम्पल, म्हणजे जास्तीचा रस्सा, मागून थोडं थोडं घ्या. एफसी रोडला वैशालीचं एसपीडीपी खायचं असेल तर ते मिसळीऐवजी, मिसळीनंतर नाही, आणि शनिवारी तिथे नाव लिहून बाहेर ताटकळायची तयारी ठेवा.

४. दुपार: थाळी कशी खायची

दुर्वांकुर, श्रेयस, सुकांता, कुठेही जा, खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत असते. ताट समोर येतं, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पडते, आणि लगेच फरसाण आणि गरम पुऱ्यांची फेरी सुरू होते. भुकेल्या पोटी माणूस इथेच चार पुऱ्या आणि ढोकळा हाणतो आणि पुढे मसालेभात येतो तेव्हा नुसता बघत बसतो. पुऱ्या दोनच घ्या. अळूवडी दिसली तर लाजू नका, परत मागा. वाढपी "अजून एक, अजून एक" म्हणत थांबत नाही, नुसतं "नको" म्हणून भागत नाही, ताटावर हात आडवा धरावा लागतो. वरण-भात-तूप आणि शेवटी मठ्ठा, एवढ्याला जागा राहिलीच पाहिजे. गोड अनलिमिटेड आहे की वाटीवर मोजून, ते बसायच्या आधी विचारा. आणि ताटात टाकू नका, आजूबाजूच्या टेबलांवरचे काका-काकू बघत असतात.

यानंतर घरी जाऊन झोपा. खरंच. संध्याकाळी सुजाताची मस्तानी दोघांत एक, बस.

५. रात्री: टेबल आणि बिल

कोरेगाव पार्क किंवा बाणेरला आधी फोन करून टेबल घ्या, साडेसातचं मिळतं, नऊचं मिळत नाही. पिणारे आणि न पिणारे एकत्र असतील तर ऑर्डर देतानाच दोन बिलं करायला सांगा, नाहीतर लिंबू सोडा पिणाऱ्याने कॉकटेलचे पैसे भरायचे आणि तोंडावर हसायचं, याने मैत्री टिकत नाही. दारूवर व्हॅट वेगळा लागतो, जेवणावर साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के.

बिल आलं की आधी आयटम मोजा, न मागवलेली रोटी किंवा पाण्याची बाटली त्यात हमखास सापडते. मग सर्व्हिस चार्ज बघा. तो ऐच्छिक आहे, जबरदस्तीने लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. "दादा, हा काढून द्या" एवढं शांतपणे म्हटलं की बहुतेक ठिकाणी काढतात, नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरने मनापासून सांभाळलं असेल तर टिप त्याच्या हातात रोख द्या, ते मात्र विसरू नका.

६. रविवार

सकाळी उशिरा, डेक्कनचं गुडलक. १९३५ पासूनचा इराणी, बन मस्का आणि चहा, ज्याला जास्त भूक त्याने खिमा पाव. अनोळखी माणसासोबत टेबल शेअर करावं लागेल, चालतं.

मग कॅम्प. कयानी बेकरी रविवारी उघडी असेल तर तिथली श्रुसबेरी बिस्किटं जेवणाआधीच उरकून घ्या, कारण दुपारी दुकान बंद असतं. जेवण दोराबजींकडे, १८७८ पासूनचं पारशी ठिकाण, आणि धनसाक तर पारशी घरांतही रविवारचंच जेवण. मटण, डाळींचं दाटसर वरण, तपकिरी भात, कचुंबर. वाढीव भूक असलेल्यांनी मध्ये एक बिर्याणी मागवा, सगळ्यांनी वेगवेगळी नको.

रविवारी रात्री काही ठेवू नका. बऱ्याच खानावळी आणि थाळीवाले रविवारी संध्याकाळी बंदच असतात. घरी दहीभात करा आणि खाता खाता हिशोब संपवा, एकाने सगळा खर्च लिहून ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी तिथल्या तिथे यूपीआय. सोमवार उजाडला की तीनशे रुपये मागायची पण लाज वाटते आणि द्यायची पण आठवण राहत नाही.