टर्बो स्वतः बसवला आणि आता ऑइल गळतंय: ट्रकची गळती शोधून बंद कशी करावी

टर्बो उतरवून परत चढवल्यावर ऑइल गळू लागलं की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: ‘टर्बोचं सील गेलं.’ गंमत अशी, की बहुतेक टर्बोंच्या शाफ्टला चाकाच्या हबमध्ये असतं तसं रबरी सील नसतंच. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. ऑइल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे, कारण चालू गाडीत टोकांच्या पंख्यांच्या (एक्झॉस्टने फिरणारा टर्बाइन आणि इंजिनात हवा ढकलणारा कंप्रेसर) बाजूला दाब जास्त आणि मधल्या बॉडीत कमी असतो. रिटर्न (टर्बोतलं ऑइल इंजिनात परत नेणारा पाइप) तुंबला, इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भागात, गॅसचा दाब वाढला किंवा एअर फिल्टर चोंदला, की हा फरक उलटतो आणि कालच बसवलेला कोरा टर्बोही ऑइल फेकू लागतो. म्हणून नवीन टर्बोचे पैसे मोजण्याआधी ऑइल नेमकं कुठून येतंय ते पाहा. घरी केलेल्या कामात दोष बहुधा वॉशर, पॅकिंग आणि पाइप यांतच निघतो.

लागणारं सामान: रिंग पाने, टॉर्क पाना, तांब्याचे नवे वॉशर, रिटर्नचं मूळ पॅकिंग, टॉर्च, आरसा, स्वच्छ सुती फडकं, ब्रेक क्लीनर किंवा थोडं डिझेल, आणि टाल्कम पावडर. कॉटन वेस्टचे धागे ऑइलच्या भोकात जातात, ते इथे नको.

पहिली पायरी: गेज, धुलाई, पावडर

गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड किंवा ठोकळ्यांची अडण लावा आणि टर्बो पूर्ण गार होऊ द्या. आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलच्या पातळीची गेजपट्टी, पाहा. टर्बोच्या कामासोबत ऑइलही बदललं असेल तर हमखास जास्त भरलेलं असतं. पातळी रिटर्न पाइपच्या तोंडापर्यंत पोचली तर टर्बोतलं ऑइल खाली उतरणार कुठे? कमाल खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढून टाका. कधी कधी एवढ्यानेच गळती थांबते.

आता टर्बो, दोन्ही ऑइल पाइप आणि खालचा ब्लॉक धुऊन कोरडा करा. सेन्सर आणि वायरिंग प्लॅस्टिकने झाका. कोरड्या भागावर पावडर भुरभुरा, इंजिन ५ ते १० मिनिटं आयडलवर चालवा, मग काही मिनिटं १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा. सैल कपडे आणि हात फॅनबेल्टपासून लांब. पावडर जिथे सर्वात आधी आणि सर्वात वर ओली होते, गळती तिथली. खाली ठिबकणारं ऑइल फसवतं. वाऱ्याने आणि उताराने ते हातभर लांब जाऊन पडतं.

एक्झॉस्टच्या बाजूवर ऑइल पडत असेल तर तपासणी तिथेच थांबवा. चढावर भरलेल्या गाडीचा टर्बाइनचा भाग लाल होण्याइतका तापतो आणि त्यावर पडलेलं ऑइल पेट घेतं. अशी गाडी रस्त्यावर काढू नये.

दुसरी पायरी: वरचा फीड पाइप

फीड म्हणजे टर्बोला ऑइल पुरवणारा पाइप. त्यात ऑइल पंपाचा दाब असतो, त्यामुळे इथली गळती ठिबकत नाही, बारीक फवारा मारते. कारण बहुतेकदा जुने वॉशर. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बँजो बोल्टला (पाइपच्या गोल डोळ्यातून जाणारा पोकळ बोल्ट) दोन वॉशर लागतात: एक पाइपच्या डोळ्यावर, एक खाली. एकाच बाजूला दोन रचले तर दुसरी बाजू धातूवर धातू राहते आणि गळते. रात्री अकराला दुकान बंद असेल तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, वरची काळी पापडी घासून काढा आणि वापरा. तांबं असं मऊ होतं, पण हा तात्पुरता इलाज.

बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे बसवा. पाइप तिरका ओढून बोल्टने जागेवर आणला तर तो सतत ताणात राहतो आणि सांध्याजवळ तडकतो. पाइपची मधली क्लिप ‘उरलेला भाग’ म्हणून डब्यात पडली असेल तर ती शोधून आणा. तिच्यावाचून पाइप थरथरतो आणि काही आठवड्यांत चीर जाते. टॉर्क मॅन्युअलमधला. अंदाजाने आवळून बॉडीतले आटे गेले, तर वॉशरच्या कामाचं बॉडीचं काम होतं.

फीडच्या जोडणीत टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन नको. त्याचा एक तुकडा बेअरिंगच्या भोकात अडकला की लाखाच्या घरातल्या आरपीएमवर फिरणारा शाफ्ट कोरडा चालतो.

तिसरी पायरी: रिटर्न, म्हणजे खरी गोम

टर्बोतून बाहेर पडणाऱ्या ऑइलला दाब नसतो. हवेशी घुसळून फेसाळलेलं ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. म्हणून रिटर्न पाइप फीडपेक्षा कितीतरी जाड असतो आणि टर्बोचं ऑइलचं तोंड सरळ खाली, फार तर उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत ठेवावं लागतं. बसवताना बॉडी जास्त फिरली असेल तर पॅकिंग कितीही बदला, गळणारच.

पाइप सोडवा आणि आत टॉर्च मारा. काळा कोळसा धरला असेल तर ब्रशने आणि डिझेलने साफ करा. पाइप कुठे चेपला आहे का, मध्ये झोळ पडून खोलगट भाग झाला आहे का, ते पाहा. तिथे ऑइल साचतं आणि मागे तुंबतं. रबरी तुकडा पाण्याच्या होजचा लावला असेल तर काढून फेका. गरम ऑइलने तो फुगतो, आतून सुटतो आणि वाट बंद करतो. तिथे ऑइल आणि उष्णता दोन्ही सोसणारीच होज हवी.

फ्लँजवर (पाइपच्या टोकाची बोल्टने आवळायची चपटी पट्टी) सिलिकॉन थापण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. बाहेर दिसतो तेवढाच लगदा आतही निघतो आणि अर्धं भोक बुजवतो. मग बाहेरची गळती थांबते आणि जळणाऱ्या ऑइलचा निळा धूर सुरू होतो! जुनं सिलिकॉन आणि पॅकिंग खरवडून काढा, फ्लँज काचेवर ठेवून सपाट आहे का पाहा, मूळ पॅकिंग कोरडंच लावा. पॅकिंगचं भोक पाइपाच्या भोकाएवढं आहे ना, ते बसवण्याआधी ताडून पाहा. लहान भोकाचं फीडचं पॅकिंग चुकून खाली बसवलेलंही सापडतं. साध्या ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरतात. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा.

चौथी पायरी: बाहेर सगळं कोरडं, तरी धूर

इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून उघडा. थोडी वाफ चालते. गॅस जोरात फुसफुसत असेल तर ब्रीदरची (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी) होज चेपलेली किंवा चोंदलेली असू शकते. ब्रीदर मोकळा असूनही दाब येत असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा आणि लाइनर झिजले आहेत, आणि त्यावर टर्बो बदलणं म्हणजे छत गळतंय म्हणून फरशी बदलणं. एअर फिल्टरही बघा. तो चोंदला की कंप्रेसरचा पंखा हवेसोबत ऑइलही ओढतो. कंप्रेसरच्या पाइपात ऑइलचा पातळसा ओलावा मात्र चालतो, तो ब्रीदरच्या वाफेचा असतो.

मग इंजिन बंद करून, टर्बो गार झाल्यावर, शाफ्ट हलवा. वर-खाली थोडी ढिलाई असणारच, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. आत-बाहेर हलणं मात्र हाताला जेमतेम कळावं. डायल गेजवर ०.१ मिमीच्या पुढे गेलं, किंवा पंखा बॉडीला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बोचा गाभाच गेला.

इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) विसरू नका. आत ऑइल साचलं असेल तर ते काढून, धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. साचलेलं ऑइल एकदम आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्यावरच पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी हाताने हवेचं तोंड झाकायला जाऊ नये. ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गियरमध्ये टाकून क्लच सोडला की मॅन्युअल गियरची गाडी बंद पडते.

पाचवी पायरी: आधी ऑइल, मग चावी

फीड जोडण्याआधी टर्बोच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवा. मग डिझेल बंद ठेवून, जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप केबल ओढून, १० ते १५ सेकंद क्रँक करा, म्हणजे स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवा. थोडं थांबून पुन्हा, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं आयडल, रेस नाही.

सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल राहिलेलं असतं, ते जळेपर्यंत पहिला अर्धा तास धूर दिसू शकतो. त्यानंतरही निळा धूर राहिला तर चौथ्या पायरीकडे परत जा. बीएस ६ गाडी असेल तर धूर दिसण्याचीही वाट पाहू नका. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) तो अडवून ठेवतो आणि जळलेल्या ऑइलची राख त्यातच साठत जाते. अशा गाडीत डिपस्टिकवर रोज उतरणारी पातळी हीच खूण.

५० ते १०० किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना, रिटर्नच्या फ्लँजचे बोल्ट आणि होजच्या क्लिपा पुन्हा तपासा. आणि कसारा किंवा बोरघाट चढून वर आल्यावर लगेच चावी बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडल द्या, नाहीतर बेअरिंगमध्ये थांबलेलं ऑइल तिथेच करपतं आणि नुकताच साफ केलेला रिटर्न पुन्हा कोळशाने भरायला लागतो.