आकार गिरवता गिरवता मोजणी

तीन-चार वर्षांच्या मुलांना अंक शिकवताना थेट '१' गिरवायला देऊ नका. आधी आकार द्या. कागदावर मोठा त्रिकोण काढा आणि त्यावरून मुलाला नुसतं बोट फिरवू द्या. कोपरा आला की थांबायचं आणि मोठ्याने म्हणायचं: एक, दोन, तीन. इथे एक गंमत होते. बोट फिरून पहिल्या कोपऱ्यावर परत येतं आणि मूल 'चार' म्हणतं! म्हणून सुरुवातीच्या कोपऱ्यावर लाल ठिपका द्या. तिथे पोचलं की मोजणी संपली.

बोटाची सवय झाली की जाड, आखूड खडू द्या. चिमुकल्या हातात तो आपोआप नीट धरला जातो.

मग रंगवणं. पाच गोल काढा, शेजारी '३' लिहा आणि तेवढेच गोल रंगवायला सांगा. प्रत्येक गोल रंगवून झाला की एक आकडा म्हणायचा. शेवटी "किती रंगवले?" हे नक्की विचारा. बरीच मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात, कारण शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. माझ्या मते खरं शिकणं इथेच आहे. वीसपर्यंत घडाघडा म्हणता येणं ही निव्वळ पाठांतराची गोष्ट.

रंग रेषेबाहेर गेला, अंक उलटा निघाला तर टोकू नका. या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. पाचपर्यंत पक्कं झाल्यावरच पुढे जा, आणि मूल कंटाळलं की कागद लगेच बाजूला ठेवा.