गव्हाचं पहिलं पाणी आणि पेटीतले तीन दिवे

गव्हाला मुकुटमुळं फुटतात पेरणीपासून १८ ते २१ दिवसांत. पहिलं पाणी याच वेळी द्यायचं; नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाची ही वेळ नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला येते. हे पाणी हुकलं तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ते भरून निघत नाहीत. नेमक्या याच आठवड्यांत रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या) दुकानात मोटारींची रांग लागते. विहीर भरलेली असताना केवळ मोटार जळाली म्हणून वाळलेला गहू मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. त्यामुळे खतं-औषधं मागाहून, आधी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीचं बोलू.

बटण दाबण्याआधी तिन्ही फेजचे दिवे बघा. दिवे नसतील तर आजच बसवून घ्या. लाल, पिवळा, निळा असे २४० व्होल्टचे तीन पॅनेल दिवे कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. ते मेन स्विचच्या फ्यूजनंतर आणि स्टार्टरच्या आधी जोडायचे, प्रत्येक फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. न्यूट्रल आलेली नसेल तर तिन्ही दिव्यांची दुसरी टोकं एकत्र बांधा. अर्थिंगच्या सळईला न्यूट्रल समजून दिवा लावू नका. त्या सळईत करंट उतरला की ओल्या बांधावर उभा असलेला माणूस जातो. जोडणीचं काम वायरमनकडून आणि मेन बंद करूनच करून घ्या.

साध्या डीओएल (मोटार थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरची कॉइल दोनच फेजवर ओढलेली राहते. तिसरी फेज गेली तरी स्टार्टर सुटत नाही आणि मोटार दोन फेजवर घुमत राहते. उरलेल्या दोन तारांतला करंट जवळपास पावणेदोनपट होतो. अशा वेळी मोटार वाचवायला ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) असतो, पण बहुतेक पेट्यांत तो शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला दिसतो, काही ठिकाणी तर तारेने बांधलेला. रिले मोटारीच्या नामपट्टीवरच्या अँपिअरवर लावा. ५ एचपीला तो साधारण ७ ते ८ येतो, तरी पट्टीवरचा आकडाच खरा धरा.

दिव्यांवरही पूर्ण विसंबू नका. चालू मोटारीची एक फेज गेली, तर फिरणारी मोटार स्वतःच त्या तारेवर व्होल्टेज उभं करते आणि दिवा पेटलेलाच दिसतो. म्हणून दिवे बघायचे ते मोटार सुरू करण्याआधी, आणि चालू झाल्यावर अँपिअर मीटर बघायचा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र) घ्याल तर करंटवर चालणारा घ्या, फक्त व्होल्टेज बघणारा याच कारणाने फसतो. मोबाईलवर चालणारं महागडं पॅनेल दुकानदार गळ्यात मारतील. ज्याच्या पेटीत रिलेच बांधलेला आहे, त्याला त्या पॅनेलचा काही उपयोग नाही.

दुसरा घोटाळा दिशेचा. डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर) बदलली किंवा लाइनचं काम झालं की दोन फेज अदलाबदल होतात आणि त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी उलट्या फिरतात. मोनोब्लॉक (जमिनीवरची पंप जोडलेली मोटार) उलटी फिरली तर पंख्यावरून आणि बाणावरून लगेच कळतं. बोअरमधली सबमर्सिबल दिसत नाही. ती उलटी फिरूनही थोडं पाणी देते आणि शेतकरी म्हणतो, पातळी खाली गेली. तिकडे बोअर आणखी खोल करायची बोलणी सुरू होतात! आधी दोन तारा बदलून बघा. ज्या दिशेला पाणी जास्त, ती दिशा बरोबर.

या त्रासाला कंटाळून बऱ्याच जणांनी सुलट-उलट स्विच बसवला आहे. त्याच्या पुढे लावलेले तीन दिवे दोन्ही बाजूंना सारखेच पेटतात, कारण फेज तिन्ही असतातच, फक्त जागा बदलतात. दिशेचा दिवा हवा असेल तर ज्या स्विचला मोकळा जादा कॉन्टॅक्ट आहे त्यावरून घ्यावा लागतो. दोन कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच) असतील तर प्रत्येक कॉइलला समांतर, कॉइलच्याच व्होल्टेजचा दिवा लावायचा: हिरवा सुलट, लाल उलट. दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढले जाऊ नयेत म्हणून इंटरलॉक हवाच, नाहीतर फेजला फेज भिडून पेटी उडते.

मात्र हिरवा दिवा एवढंच सांगतो की सुलट बाजूचा कॉन्टॅक्टर ओढला गेला. मागून फेजच उलट्या आल्या असतील तर हिरवा पेटूनही मोटार उलटी फिरेल. लाइनवर काम झालं की पाण्याची धार बघून खात्री करा. स्विच चालत्या मोटारीवर फिरवू नका. बोअरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पाइपातलं पाणी उतरताना पंप उलटा फिरत असतो, त्यामुळे पाच मिनिटं थांबून मगच चालू करा.

वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच काढून टाका. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुटतात, डीपी जळते, आणि दिवे बघायला पेटीजवळ कोणीच नसतं. माझा अनुभव असा की दाट दव पडलेल्या पहाटे फेज जास्त जाते. रात्रपाळीचं पाणी असेल तर चार वाजता एक चक्कर मारा.

बाकी कामं:

– गहू, बागायती वेळेवर पेरणी: नत्राचा राहिलेला अर्धा हप्ता हेक्टरी ६० किलो, म्हणजे १३० किलो युरिया, पहिल्या पाण्याच्या वेळी. सोबत टॉनिकची बाटली घ्यायची गरज नाही.
– पुढची पाणी: ४० ते ४२, ६० ते ६५, ८० ते ८५ दिवस. दोनच पाणी असतील तर २१ आणि ६५.
– हरभरा: घाटेअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), पक्षी थांबे, फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क. सलग तीन दिवस सापळ्यात रोज ८ ते १० पतंग आले तरच पुढच्या फवारणीचा विचार.
– हरभऱ्याला भारी जमिनीत पाणी बेताचंच. पाणी साचलं की मर (झाड वाळवणारा रोग) वाढते.

मोटार जळालीच तर रिवाइंडिंगवाल्याला गुंडाळी दाखवायला सांगा. एका किंवा दोन फेजची वेटोळी काळी आणि उरलेली स्वच्छ असतील तर ती फेज गेल्यानेच जळाली. तशी मोटार पुन्हा बसवण्याआधी मेन स्विचचे फ्यूज, त्यांचे धारक आणि खांबावरचा जंपर (जोडतार) तपासून घ्या.