व्हॅलेंटाइनच्या गुलाबतोडीसाठी हंगामी माणसं कशी जमवावीत

मावळातल्या हरितगृहांत १४ फेब्रुवारीची तयारी डिसेंबरमधल्या छाटणीने सुरू होते. छाटणीनंतर थंडीत कळी तोडणीला यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. माणसं मात्र जानेवारी संपताना शोधली जातात. तोवर तळेगावच्या आसपास सगळ्यांनाच तीच माणसं हवी असतात. छाटणी झाली त्याच आठवड्यात बोलणी सुरू करा. भातकाढणी आटोपलेली असते, त्यामुळे गावातल्या बायकांचे हात तेव्हा मोकळे असतात.

आधी संख्या काढा. एकरी अमुक माणसं हा ठोकताळा एरवी चालतो, या पंधरवड्यात फसतो. तोडणीपेक्षा काम जास्त अडतं ते प्रतवारीच्या टेबलावर. तुमच्याकडच्या सरावलेल्या बाईला तासभर बंच बांधू द्या आणि मोजा. समजा, तासाला १० बंच झाले. एका दिवसाची ५,००० फुलं म्हणजे २० फुलांचे २५० बंच, म्हणजे २५ तासांचं काम. सहा तास टेबलावर धरले तर चार-पाच सराईत बायका लागतील. नवख्या असतील तर दुप्पट धरा. तोडणीचा हिशेबही असाच करा. वर दहामागे एक माणूस जादा ठेवा, खाडे होतातच.

मुकादमाकडून टोळी घेणं सोपं वाटतं, पण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच्या हातात जाते आणि टोळी दुसरीकडे. जुन्या कामगारांच्या नात्यागोत्यातून, शेजारच्या वाड्यांतून बायका आणणं बरं. रोज किती, जादा तासाचे किती, सुट्टी कधी, काम कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्या दिवशीच सांगून मस्टरवर लिहा. रोज सरकारी किमान वेतनाखाली नको, आणि एकाच कामाला बाई-पुरुष असा फरक नको. पगार आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी द्या. शेवटपर्यंत टिकणाऱ्याला वेगळं बक्षीस ठेवा. मजुरी मात्र अडकवू नका.

नवख्यांना २० जानेवारीच्या सुमारास, गर्दीच्या आधी, कामावर घ्या. पहिले तीन-चार दिवस त्यांना जुन्या माणसाच्या जोडीला द्या. सर्वात महागडी चूक एकच: कळी जास्त उमलल्यावर तोडणे. परदेशी जाणारा माल त्यातच नापास होतो. म्हणून हव्या त्या अवस्थेतली खरी कळी रोज सकाळी प्रत्येकाच्या हातात द्या. फोटोवरून अंदाज येत नाही. तोडलेली काडी लगेच पाण्याच्या बादलीत गेली पाहिजे. लांबी मोजायला टेबलावरच ४०, ५०, ६० सेंटिमीटरच्या खुणा रंगवा, वाद मिटतात.

हातमोजे नसले की काट्यांमुळे हात आखडतो आणि वेग निम्मा होतो. फवारणीला नवखा माणूस लावू नका, आणि औषधाच्या लेबलवरचा काळ उलटल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. पॅकिंग रात्रीपर्यंत लांबलं तर बायकांना घरी पोहोचवायची गाडी आधीच ठरलेली हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं.

निर्यातीचा माल सहसा १० फेब्रुवारीच्या आत निघून जातो, देशी बाजार १२-१३ पर्यंत चालतो. त्यामुळे माणसं दोन टप्प्यांत कमी करा, आणि कोण कधी सुटणार ते कामावर घेतानाच सांगा.