घरच्या वाय-फायवरून मायएसक्यूएल जोडत नाही? आधी एररचा नंबर वाचा

डेटाबेस एका मशीनवर, तुम्ही दुसऱ्या लॅपटॉपवर, आणि कनेक्शन होत नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही, आधी एररचा नंबर बघा.

२००३ आला तर पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. त्याच्यापुढे कंसात १११ (विंडोजवर १००६१) असेल, तर बहुतेक वेळा मशीन सापडलंय, पण मायएसक्यूएलच्या पोर्टवर (म्हणजे जोडणी घेणाऱ्या दारावर) कोणी ऐकत नाही. उबुंटूवर मायएसक्यूएल टाकलं की त्याच्या सेटिंग फाइलमध्ये बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ असतो, म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. तिथे त्या मशीनचा घरच्या नेटवर्कवरचा आयपी टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. हे रीस्टार्ट हमखास विसरलं जातं. तो आयपी राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर उद्या बदलेल.

कंसात ११० किंवा १००६० असेल, म्हणजे बराच वेळ थांबून टाइमआउट, तर डेटाबेसच्या मशीनच्या फायरवॉलमध्ये ३३०६ (मायएसक्यूएलचा नेहमीचा) पोर्ट उघडा. लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर नाही ना, तेही बघा. बरेच राउटर गेस्टला घरातली बाकी मशीन दिसूच देत नाहीत.

११३० आला तर नेटवर्क ठीक आहे, फक्त तुमच्या आयपीला परवानगी नाही. 'लोकलहोस्ट'साठी बनवलेला युजर बाहेरून चालत नाही, १९२.१६८.१.% साठी (% म्हणजे तिथे कोणताही आकडा चालेल) वेगळा युजर बनवा, अर्थात तुमच्या नेटवर्कचे आकडे बघून. १०४५ आला तर मात्र युजरनेम-पासवर्ड तपासा.

घराबाहेरून जोडायचं असेल तर राउटरवर ३३०६ अजिबात उघडू नका, एसएसएच टनेल (एन्क्रिप्ट केलेला सुरक्षित मार्ग) वापरा.